आकाशपाळण्याखालची आत्या

आमच्या आत्यांना कुजबुजता येत नव्हतं. प्रयत्न केला नाही असं नाही, पण त्यांची कुजबुज पलीकडच्या खोलीत स्वच्छ ऐकू जायची आणि साधं बोलणं पलीकडच्या वस्तीवर. काष्टीच्या आठवडे बाजारात त्या लिंबं घेऊन बसत, तेव्हा गिऱ्हाईक आधी आवाजाच्या रोखानं यायचं आणि मग लिंबं शोधायचं. सगळी भावकी त्यांना भोंगाआत्या म्हणायची, साखर कारखान्याच्या भोंग्यावरून. अगदी तोंडावर म्हणायची. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "व्हय, हाय मी भोंगा. टायमावर वाजते. कुनाची झोपमोड व्हत आसंल तर त्यानं उठावं." त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. अजूनही काष्टीहून कुणाचा फोन आला की मी सवयीनं मोबाईल हातभर लांब धरते, आणि पलीकडचं काही ऐकू येईना म्हणून पुन्हा कानाला लावते.

त्या माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या, सख्ख्या आत्या. माझं माहेर पारनेरचं, वडील शिक्षक. आमच्या घरात कुणाचा आवाज चढला म्हणजे भांडण झालं असं समजायचं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा काष्टीला गेले तेव्हा स्वयंपाकघरातून माझ्या नावानं जो काही गहजब चालला होता, तो ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. संदीप हसायला लागला. म्हणाला, अगं, चहात साखर किती घालू म्हणून विचारतायत. हळूहळू मला त्या आवाजाची सवय झाली, इतकी की आत्या नसल्या की घर रिकामं वाटायचं. पण पुढे सई झाली आणि माझी खरी पंचाईत झाली.

सई आमची मुलगी. तान्ही होती तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली की काळीनिळी होऊन रडायची. चालायला लागली तशी मी मिक्सरला हात लावायच्या आत कान झाकून बाल्कनीत पळायची. लग्नातला बँड, गणपतीतला डीजे, रस्त्यावरून जाणारी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, यांतलं काहीही आडवं आलं की जिथे असेल तिथे मटकन बसायची आणि किंचाळत सुटायची. एरवी तिचं बोलणं इतकं हळू, की समोरच्यानं वाकून ऐकावं. नातेवाइकांचं निदान तयारच होतं, लाड. एकुलती एक आहे, डोक्यावर बसवलीय. मी आधी समजावून सांगायचे, मग वाद घालायचे, आणि शेवटी शेवटी तर सरळ ताटावरून उठून यायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत, जरा जास्तच उत्तम आहेत. आवाज तिला नुसता ऐकू येत नाही, अंगावर येतो. वय वाढेल तसं सोसायला शिकेल, पण ढकलून नाही. त्यांनी कानांवर घालायचे मोठे निळे मफ दिले. दिसायला हेडफोनसारखे, पण गाणी ऐकवायच्या ऐवजी आवाज अडवणारे.

आता अशी मुलगी आणि अशा आत्या. मी कितीतरी दिवस दोघींची गाठ टाळली. सई चार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात मात्र काष्टीला जाणं टळेना. गाडीतून उतरायच्या आधी मी संदीपला बजावलं होतं, फोन करून आत्यांना सांग. त्यानं सांगितलं असेल नसेल, पण गाडी वस्तीवर शिरली आणि लिंबाच्या बागेतून आत्यांची हाळी आली, "आली का गं माझी बाय!" बस. सई अंगणातल्या बाजेखाली शिरली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. जेवण तिथेच, पाणी तिथेच. मी आत्यांवर इतकी चिडले होते की चहासुद्धा घेतला नाही.

मला वाटलं, आता आत्याही तेच म्हणणार, लाड. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. बाजेपासून लांब, ओट्याच्या कडेला बसून राहिल्या आणि दिवसभर तोंडातून शब्द काढला नाही. मामा, म्हणजे आत्यांचे यजमान, दोनदा विचारून गेले, तब्येत बरी आहे ना. अंधार पडल्यावर आत्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांच्या त्या कुजबुजीत म्हणाल्या, "वैशे, पोरीला तरास व्हतोय गं. तुमी समदे तिला काय म्हनता ते मला ठाव न्हाई. पर वासरू बुजतंय ते उगाच बुजत न्हाई." माझ्याकडे पुरावा न मागणारं घरातलं हे पहिलं माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मामा विहिरीवर मोटरीच्या पेटीपाशी होते आणि आत्या पार पलीकडे उसाला पाणी देत होत्या. वाफा भरला तसा आत्यांनी पदराचं टोक धरून हात डोक्यावर नेला आणि दोन्ही बाजूंना जोरात हलवला. मामांनी मोटर बंद केली. थोड्या वेळानं आत्यांनी हात गोल फिरवला, मोटर चालू. मध्येच नुसता तळहात उभा धरला, म्हणजे जरा दम धर. पूर्वी नदीवर डिझेलचं इंजिन होतं, त्याच्या धडधडीपुढे खुद्द आत्यांचाही आवाज पोहोचत नसे, तेव्हापासूनची ही दोघांची रीत. तशी ती त्या भागात घरोघरी आहे, फक्त मी कधी लक्ष देऊन पाहिली नव्हती. सईनं पाहिली. ओट्यावर उभी राहून तिनं आपल्या फ्रॉकचा घेर धरला आणि हात डोक्यावर नेऊन हलवला. लांबून आत्यांनी ते बघितलं. त्यांनी लगेच मामांना खूण केली आणि चालू असलेली मोटर बंद झाली. सई दचकून माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच हसली.

तेव्हापासून त्या दोघींचं जमलं ते जमलंच. आम्ही काष्टीला गेलो की आत्या लांबूनच हात गोल फिरवायच्या आणि सई पळत सुटायची. बोलायचं झालं तर सई मफ घालून यायची. आत्या त्यांना कानाची झापडं म्हणायच्या आणि स्वतःच्या पदरानं पुसून ठेवायच्या.

सई तिसरीत गेली आणि शाळेची सहल जाहीर झाली. आम्ही राहतो त्या संगमनेरहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर मोठं थीम पार्क झालं होतं, आकाशपाळणा, पाण्याच्या घसरगुंड्या, नाचणारी कारंजी, सगळं. सईनं त्याची चित्रं मैत्रिणीच्या, गार्गीच्या, मोबाईलवर पाहिली होती. तिला आवाज सोसत नव्हता, पण उंच जायचं वेड होतं. टाकीची शिडी, गच्चीचा कठडा, कुठे चढेल नेम नाही. सहलीला जायचं म्हणून ती नाचत घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी मला शाळेत बोलावणं आलं. आदल्या वर्षी स्नेहसंमेलनात ढोल वाजले तेव्हा सई इतकी किंचाळली होती की पडदा पाडावा लागला होता. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, आमच्याकडे चाळीस मुलं आणि चार बाई, तिथे हिला त्रास झाला तर कुणी बघायचं? तुम्ही आधी तिला नेऊन आणा. तिला जमतंय असं दिसलं तर नेऊ, नाहीतर राहू दे या वर्षी. "या वर्षी" म्हणजे कायमचं, हे मला न सांगता कळलं. वर्गातल्या मुली आता वाढदिवसालाही सईला वगळायला लागल्या होत्या, एक गार्गी सोडून. सहल हुकली असती तर गार्गीही दुरावली असती.

मग आम्ही तिघं गेलो. फाटकापाशी पाहुण्यांच्या स्वागताला ढोल-ताशा, वरती भोंग्यावर गाणं, शेजारी माईकवरून कुणीतरी ऑफर सांगतंय. सईनं मफ घातले होते, तरी ती फाटकाच्या अलीकडेच बसली. संदीपनं तिला उचलून गाडीत आणलं. ती पुण्याकडे तोंड करून मागच्या काचेतून पाळणा दिसेनासा होईपर्यंत बघत होती आणि रडत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला जायचंय. पण ते आधी बंद करायला सांग ना." ते कोण बंद करणार होतं? त्या संध्याकाळी मी आत्यांना फोन केला, काही मागायला नव्हे, नुसतं रडायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी येते.

आल्याच. काष्टीहून नगर, नगरहून संगमनेर, दोन एसट्या बदलून, काखेत भाकरीचं फडकं आणि पिशवीभर लिंबं. पुढच्याच रविवारी त्या आम्हाला पुन्हा पार्कला घेऊन गेल्या आणि आत गेल्याच नाहीत. गाड्या लावायच्या जागेत कडुलिंबाखाली सतरंजी टाकली, भाकरीचं फडकं सोडलं, आणि तिथूनच पाळणा बघत आम्ही जेवलो. मी आतून धुसफुसत होते. एवढा प्रवास करून यायचं आणि पार्किंगमध्ये बसायचं? राखणदारही दोनदा विचारून गेला, ताई, तिकीट खिडकी तिकडे आहे. आत्या त्याला म्हणाल्या, "आज आमी नुस्तं कडंनं फिरून बघतोय. वावरात उतरायचं का न्हाई ते माझी नात ठरवंल." सई लांबूनच ऐकू येणारं गाणं मफ काढून ऐकत होती, पुन्हा घालत होती, पुन्हा काढत होती. जाताना तिनंच विचारलं, परत कधी यायचं.

आत्यांचा नियम एकच होता आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत. सईनं हात डोक्यावर नेऊन हलवला की निघायचं. का म्हणून विचारायचं नाही, थोडं थांब म्हणायचं नाही, आताच तर आलो म्हणायचं नाही. पुढच्या खेपेला आम्ही आत गेलो, कारंज्यापाशी पोहोचलो, आणि संदीप कणीस घेऊन येतोय तोवर सईनं हात हलवला. आत्यांनी ताबडतोब चपला घातल्या. मी म्हटलं, आत्या, पाचच मिनिटं, कदाचित तिला सवय होईल. त्यावर त्या चालता चालता म्हणाल्या, "मी हात केल्यावर मामा काय का म्हनून इचारत बसत्यात व्हय? तवर पानी वाट फोडून जाईल. पोरीला कळाय पायजे, आपन हात केला की बंद व्हतं म्हनून. मंग बघ, ती कशी आत घुसतीया ते." कणीस हातात घेऊन आम्ही घरी आलो. आणि आत्यांचं खरं ठरलं. दर खेपेला सई थोडी जास्त आत जात होती. बाहेर पडायचं दार आपल्या हातात आहे हे कळल्यावर तिला ते सारखं उघडावंसं वाटेना.

पाळण्यात ती पहिल्यांदा बसली तो दिवस तर आमच्या घरात अजून सांगितला जातो. संदीप तिच्याबरोबर बसला, मी आणि आत्या खाली. पाळणा वर गेला, सई अगदी टोकाला. आत्यांना राहवेना. पोरगी ठीक आहे ना, थांबवायला सांगू का, हे विचारायला त्यांनी पदर धरून हात डोक्यावर हलवला. विचारायचं होतं सईला. पण समोर खटक्यापाशी जो माणूस उभा होता, त्यानं ते बघितलं आणि खाडकन खटका ओढला. पाळणा थांबला. त्याच तारेवर गाण्याचा डबा होता, तोही थांबला. सगळीकडे एकदम सामसूम. मग वरून लोक ओरडायला लागले. मालकाचा माणूस धावत आला, काय झालं, कुणी बंद केलं. तो पाळणेवाला बावरून आत्यांकडे बोट दाखवत म्हणाला, "या बाईंनी मोटर बंद करायची खूण केली. हात आपोआपच गेला हो." पारनेरच्या बाजूचा निघाला. घरी शेती, अर्धं आयुष्य विहिरीच्या पेटीपाशी गेलेलं. आत्यांनी आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि नंतर त्याचं गाव, पाहुणे, कुणाची मुलगी कुठे दिली, हे सगळं विचारून काढलं. मालकाचा माणूस दोघांच्या मध्ये उभा राहून ऐकत होता. वरती काय झालं ते संदीपनं नंतर सांगितलं. शांतता झाल्यावर सईनं मफ काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, बाबा, इथे वारा ऐकू येतो. खाली आल्यावर ती आधी आत्यांच्या गळ्यात पडली आणि मग लगेच पुन्हा रांगेत उभी राहिली.

त्या हिवाळ्यात आम्ही कुठे कुठे गेलो. शिर्डीच्या वाटेवरच्या वॉटर पार्कला गेलो, तिथे आत्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून उथळ पाण्यात बसून राहिल्या आणि बाहेर यायला तयार होईनात. सिमेंटचं खेडं बांधलेलं एक पार्क होतं. तिथल्या जात्यावर बसलेल्या सिमेंटच्या बाईला आत्यांनी सांगितलं की बाई गं, असं बसलीस तर कंबर मोडंल. एका ठिकाणी डरकाळी फोडणारा डायनासोर होता. आत्यांनी त्याच्यापुढे जाऊन पदर हलवला, आणि तो योगायोगानं गप्पही झाला. सई हसून हसून जमिनीवर लोळली. मला त्या दिवसांइतकं निवांत क्वचितच वाटलं असेल. मी लोकांना काही समजावत नव्हते, कुणाची माफी मागत नव्हते, नुसती पोरीला खेळताना बघत होते.

आत्या स्वतः मात्र कशात बसत नसत. आमच्या सगळ्यांच्या चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या पाळण्याखाली ठरलेल्या जागी उभ्या राहायच्या. मी एकदा म्हटलं, आत्या, भीती वाटते का? त्या म्हणाल्या, "भ्या कशाचं. पर वर गेलेल्या मानसाला खाली आपलं मानूस दिसाय पायजे. समदेच वर बसल्यावर बघायचं कुनाकडं?"

सहलीच्या आधी आत्यांनी सईच्या वर्गशिक्षिकेला भेटायचा हट्ट धरला. शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी बाईंना तिन्ही खुणा शिकवल्या, बाईंकडून करून घेतल्या, आणि हात केला की निघायचं, का विचारायचं नाही, हे इतकं समजावलं की शेजारच्या दोन वर्गांनाही समजलं. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि यादीत सईचं नाव घ्या म्हणाल्या.

सहलीच्या दिवशी माझं कॉलेजात लक्ष नव्हतं. मोबाईल समोर ठेवून शिकवत होते, काय शिकवलं देव जाणे. संध्याकाळी बस आली. सई उतरली ती मफ गळ्यात, एक रिबीन सुटलेली, गार्गीशी बोलत. बाई म्हणाल्या, दुपारी कारंज्यापाशी तिनं हात हलवला. मग त्या तिला घेऊन झाडाखाली बसल्या. थोड्या वेळानं तिनं स्वतःच हात गोल फिरवला. मग गार्गीबरोबर पाळण्यात दोनदा बसली, उतरायलाच तयार नव्हती. मी बाईंचे हात धरले.

घरी येऊन आत्यांना फोन लावला. हे सगळं सांगितलं, आणि पलीकडून काहीच आवाज येईना. भोंगाआत्या गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता माझं तिथं काय काम न्हाई." सईनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. ती कधी फोनवर बोलत नसे. म्हणाली, "आत्याआजी, आता तू पाळण्यात बसायचं. मी खाली उभी राहते."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आत्या आल्या, पण पाळण्याच्या नावानं सतरा सबबी. गुडघा दुखतो, गरगरतं, लुगडं अडकंल. सईनं सरळ त्यांच्या पायांतल्या चपला काढून घेतल्या. शेवटी संदीप त्यांच्याबरोबर बसला. मी आणि सई खाली, आत्यांच्याच जागी. पाळणा सुरू झाला. गाणं जोरात लागलं होतं. सई मफ घालून मान वर करून उभी होती, नजर हलवत नव्हती. आत्या टोकाला पोहोचल्या आणि त्यांचा हात डोक्यावर गेला, हातात पदर, दोन्ही बाजूंना हलतोय. माझ्या लक्षात यायच्या आत सई खटक्याकडे वळली होती. आता तिथे दुसराच माणूस होता, शहरातला असावा. सईनं हात डोक्यावर नेऊन हलवला. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. तिनं पुन्हा हलवला. तो मोबाईलमध्ये.

सईनं मफ काढले आणि माझ्या हातात दिले. ते गाणं दणदणत असताना काढले. मी तिला धरायला पुढे झाले, कारण आता ती खाली बसणार असंच मला वाटलं. ती कठड्यापाशी गेली, दोन्ही हातांनी तो धरला आणि तिनं आवाज दिला, "काका, पाळणा थांबवा! माझी आत्याआजी वर आहे!" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कणीसवाला बघायला लागला. त्या माणसाच्या हातातून मोबाईल पडायचा राहिला आणि त्यानं खटका ओढला. सईचं किंचाळणं मी ती जन्मल्यापासून ऐकत आले होते. तिनं कुणाला हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मला तिथेच हुंदका फुटला, आणि मी तो आवरलाही नाही.

आत्या खाली आल्या त्या चांगल्या तजेलदार चेहऱ्यानं. घाबरल्या वगैरे काही नव्हत्या. म्हणाल्या, वर काय झकास दिसत होतं, पार लांबचा घाट दिसत होता, कुणी बंद केला मेल्यानं? संदीप म्हणाला, आत्या, तुम्हीच तर हात हलवलात. "मी कुटं हलवला? वाऱ्यानं पदर उडून चाललेला, त्यो धरत व्हते." सई हळूच म्हणाली, "मी थांबवायला सांगितलं."

आत्यांनी सईच्या उघड्या कानांकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या मफकडे, माझ्या तोंडाकडे. गाणं पुन्हा सुरू झालं होतं. त्यांनी सईच्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवले.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "हात दिसला की थांबवायचं. इचारायचं न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडून मफ घेतले, पदरानं पुसले, सईला घातले आणि तिचा हात धरून पुन्हा रांगेत गेल्या. संदीपला म्हणाल्या, तू जा, भेळ खा, आता आम्ही दोघी बसतो. त्यांची पिशवी, सईची बाटली आणि दोघींच्या चपला माझ्या हातात आल्या. पाळणा फिरायला लागला. मी मान वर करून उभी राहिले आणि त्या जिथे जिथे जातील तिथे बघत राहिले.